दोन ओहमांचा पासंग

निरीक्षकांनी उभ्या आयुष्यात एकच खोटं प्रमाणपत्र दिलं, आणि तेही फोनवर, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवता सोडवता.

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढलेला हा माणूस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सगळी इमारत त्यांना निरीक्षकच म्हणत होती. बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना "आमचे निरीक्षक" असंच म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, याचं प्रमाण मात्र निरीक्षकांना कधी काढता आलं नव्हतं. नोकरीत त्यांनी धान्याचे काटे तपासले, तेलाची मापं तपासली, कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासल्या. जे बरोबर त्यावर शिक्का मारला, जे कमी भरलं ते जप्त केलं. घरीही तोच खाक्या. दूधवाल्याने माप ओतल्यावर भांडं उजेडात धरून बघणारं त्या इमारतीत एकच घर होतं. शेवटी दूधवाल्यानेच हात जोडले आणि तो समोरच्या इमारतीत दूध घालायला लागला.

तर फोन होता बायकोच्या धाकट्या भावाचा. बावीस वर्षांपूर्वी तो परदेशी गेला. मधे दोनदा आला, पण दोन्ही वेळा धावतपळत, परस्पर दुसऱ्या गावी. आता एकोणीस दिवसांनी यायचं होतं आणि बहिणीच्या घरी चांगलं आठवडाभर राहायचं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "भावोजी, माझे स्पीकर अजून वाजतात ना हो?"

आडवे सात, चार अक्षरी. निरीक्षक अडले होते. "वाजतात म्हणजे काय? एकदम चोख आहेत," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना घरात फार शांतता आहे असं जाणवलं. वर पाहिलं तर बायको दारात उभी होती.

"कधी ऐकलेत हो?" तिने विचारलं.

निरीक्षकांनी मान पुन्हा शब्दकोड्यात घातली, कारण स्पीकर मागच्या खोलीत होते. एकाच्या डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती आणि दुसऱ्यावर पाण्याचं पिंप. अकरा वर्षांत त्यांच्यातून आवाज निघाला होता तो फक्त पिंपाचं झाकण आपटल्याचा.

मेहुण्याने ते स्पीकर कॉलेजात असताना स्वतःच्या हाताने जोडले होते. फळ्या स्वतः कापल्या, घासल्या, पॉलिश केल्या, आत आठ-आठ इंची स्पीकर बसवले. परदेशी जायच्या आदल्या दिवशी तो ते रिक्षात घालून घेऊन आला होता आणि म्हणाला होता, "भावोजींच्या घराइतकी भरवशाची जागा मला दुसरी माहीत नाही." हे वाक्य निरीक्षकांनी पुढे नातेवाइकांत बऱ्याचदा ऐकवलं होतं. आता तेच त्यांच्यावर उलटलं. ज्या माणसाने तपासल्याशिवाय शेराच्या वजनावरही शिक्का मारला नाही, त्याने न बघता दोन नग चोख ठरवून टाकले होते. दाखला रद्द करायचा तर मेहुण्याला फोन करावा लागणार, आणि त्याला तोंड हवं. दुसरा मार्ग सरळ होता. एकोणीस दिवसांत दाखला खरा करून दाखवायचा.

"त्यात काय एवढं?" निरीक्षक बायकोला म्हणाले. "यंत्र म्हटलं की दोष आला, दोष म्हटला की तपासणी आली. तपासणी हे माझं काम आहे."

"तपासणी तुमची हो, पण दुरुस्ती?" बायको म्हणाली. लग्न झाल्यापासून घरातला प्रत्येक फ्यूज तिने बदलला होता.

निरीक्षकांनी त्याच दिवशी फाईल उघडली. विषय: ध्वनिक्षेपक, नग दोन. पिंप खाली उतरलं, कपडे पलंगावर गेले, पुढची जाळी निघाली, आणि पहिल्याच नगाच्या पुढच्या शंकूसारख्या कागदाला बोट लावताक्षणी कडेचा सगळा फोम भुगा होऊन सतरंजीवर सांडला. दुसऱ्यालाही तीच गत. स्पीकरचा कागद ज्या मऊ गोल कडेवर हलतो, ती कडच दोन्हीकडे वयाने मेली होती. तो भुगा काळा आणि चिकट. तो सतरंजीला लागला, सतरंजीवरून पायाला, पायावरून स्वयंपाकघरात, आणि तिथून दिवाणखान्यातल्या पांढऱ्या अभ्र्यांवर कसा पोचला याचा खुलासा फाईलमध्ये सापडत नाही. जुना डिंक खरवडायला निरीक्षकांनी उलथनं वापरलं हे मात्र बायकोने स्वतः पाहिलं. त्यानंतरचे दोन दिवस घरात बोलणं फक्त कामापुरतं झालं.

नव्या कडा निरीक्षकांच्या भाचीने मोबाईलवरून मागवून दिल्या. एक जोडी पुरली असती, पण निरीक्षकांनी दोन जोड्या मागवायला लावल्या. तपासणीत एक नमुना राखीव ठेवायचाच असतो. पार्सल यायला सहा दिवस गेले. तोवर तेराच दिवस उरले होते, आणि निरीक्षकांचा आत्मविश्वास नव्या कडांपेक्षाही ताणलेला होता. त्यांनी एका दुपारी बसून दोन्ही कडा चिकटवल्या, वरून पुस्तकांचं वजन ठेवलं, दुसऱ्या दिवशी पुस्तकं उचलली आणि कागद हलक्या हाताने आत दाबला. आतून आवाज आला, खर्र.

त्याच वेळी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई बायकोकडे आंब्याचं नाही तर कसलंसं रोप न्यायला आल्या होत्या. त्या थबकल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे घासतंय. वाकडं बसलंय तुमचं."

"वाकडं नाही," निरीक्षक म्हणाले. "फूटपट्टीने मोजून बसवलंय."

"कडेने मोजलंत हो. आत मोजलंत का?" असं म्हणून बाईंनी रोप खाली ठेवलं आणि स्पीकरसमोर अशा काही वाकल्या की निरीक्षकांना वाटलं, आता त्या त्याला 'आ' करायला सांगणार. लोहचुंबकाच्या खाचेत एक बारीक तारेची गुंडाळी असते. स्पीकरवाले तिला कॉइल म्हणतात. कॉइल खाचेच्या अगदी मधोमध हवी. केसभर सरकली तरी ती भिंतीला घासते. बाईंना स्पीकरातलं काही कळत नव्हतं, पण अरुंद जागेत एखादी वस्तू सरळ बसवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. त्या खाली गेल्या आणि मूठभर जुन्या एक्स-रे फिल्म घेऊन आल्या. "याच्या बारीक पट्ट्या कापा, चारी बाजूंनी कॉइलच्या आत सारा, मग कड चिकटवा. वाळलं की पट्ट्या काढून घ्या. आणि दुसऱ्यांदा तरी घाई करू नका."

राखीव जोडी अशी कामी आली. निरीक्षकांनी पहिल्या कडा खरवडून काढल्या (या वेळी स्वतःच्या दाढीच्या ब्लेडने), कागदाच्या मधली गोल टोपी अलगद कापून उचलली, आणि कुणाच्या तरी दाढांच्या फोटोच्या आठ पट्ट्या कापून दोन्ही कॉइलींच्या आत खोचल्या. एका दिवसाचं काम त्यांनी तीन दिवस केलं. पट्ट्या काढल्या, टोप्या पुन्हा बसवल्या, कागद दाबला. तो लोण्यासारखा आत गेला आणि तसाच बाहेर आला. निरीक्षकांनी बायकोला हाक मारून बोलावलं आणि तिच्यादेखत पुन्हा दाबून दाखवला. तिने स्वतःही एकदा दाबून पाहिला आणि म्हणाली, "छान झालाय की." उलथन्याचं प्रकरण तिथे मिटलं.

आता खरं म्हणजे स्पीकर खोक्यात बसवायचे, तारा जोडायच्या आणि गाणं लावायचं. कोणीही तेच केलं असतं. पण चाचणीशिवाय नग पुढे जाऊ देतील तर ते निरीक्षक कसले? भाचीने सांगितलं होतं, की स्पीकरच्या दोन टोकांना टॉर्चचा सेल टेकवला की कागद टप्कन पुढे उडी मारतो. उडी मारली म्हणजे कॉइल जिवंत. निरीक्षकांनी प्रत्येक नगाला दिवसातून वीस वेळा सेल टेकवायला सुरुवात केली आणि उड्यांची नोंद ठेवली. टप्. टप्. टप्. दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले.

"खालच्या मजल्यावरून तक्रार आहे," ते म्हणाले. "भिंत ठोकताय का?"

"ध्वनिचाचणी चालू आहे," निरीक्षक म्हणाले.

सेक्रेटरी नियमाचे पक्के. दुरुस्तीचं काम असेल तर अर्ज लागतो, तीन प्रतींत. कामगारांची यादी लागते, फोटोसकट. आणि काम सकाळी दहा ते एक एवढ्याच वेळात. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. निरीक्षकांचे मात्र डोळे पाणावायचे बाकी राहिले. कित्येक वर्षांत इतकी शिस्तीची मागणी त्यांच्याकडे कोणी केली नव्हती. त्यांनी तिन्ही प्रती भरल्या, 'कामगारांची संख्या' समोर 'एक' लिहिलं, स्वतःचा फोटो डकवला आणि 'कामगाराचा पूर्वानुभव' या रकान्यात 'एकतीस वर्षे, इतर खात्यात' असं नमूद केलं. सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि फोटो अर्धा इंच मोठा आहे म्हणून परत केला. निरीक्षकांनी मनातल्या मनात त्यांना सलाम केला.

या सगळ्यात सात दिवस उरले. आणि त्याच दिवशी निरीक्षकांनी विजेची मापं घेणारा मल्टिमीटर आणला.

स्पीकरच्या पाठीवर एक आकडा छापलेला असतो. दोन्ही नगांवर तो होता, आठ ओहम. ओहम म्हणजे काय हे निरीक्षकांना नीटसं ठाऊक नव्हतं, पण ते एक माप आहे आणि माप छापलेलं आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. आधी त्यांनी मीटरचीच तपासणी केली; डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याचा मीटर आणून दोन्ही एकमेकांशी ताडून पाहिले. मग मीटरचा काटा डाव्या नगाला लावला. आठ. अगदी आठाला आठ. निरीक्षकांनी समाधानाने मान हलवली आणि काटा उजव्या नगाला लावला. सहा पूर्णांक एक.

त्यांनी पुन्हा लावला. सहा पूर्णांक एक. टोकं घासून लावला. सहा पूर्णांक एक.

"अगं, इकडे ये!" निरीक्षकांनी हाक मारली. "आठ छापून सहा दिलंय! जवळजवळ चतुर्थांश माल गायब! बावीस वर्षं आपल्या घरात चोर बसलाय."

"अहो, पण वाजवून तर बघा."

"चोर गोड बोलत नाही का?" निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी आपल्या जुन्या कार्यालयात फोन लावला. त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा आता त्यांच्या खुर्चीत होता. निरीक्षकांनी त्याला सगळी हकीकत सांगितली, नगाचं वर्णन, छापील माप, प्रत्यक्ष माप, टक्केवारी.

"सर," पलीकडून आवाज आला, "ओहम आपल्या खात्यात येत नाही."

"मग कोणाच्या येतं?"

"सर, बघून सांगतो. तब्येत बरी आहे ना? दुपारची झोप वगैरे घेता ना?"

निरीक्षकांच्या हे फार जिव्हारी लागलं. फोन ठेवून त्यांनी मीटर पुन्हा हातात घेतला. मग त्यांनी ठरवलं, खातं येवो न येवो, माप पुरं करायचं. काटा एका बाजूला झुकत असेल तर हलक्या पारड्याला थोडंसं वजन बांधून तो समतोल करतात. त्याला म्हणतात पासंग. तोच उपाय. दारावरच्या जुन्या घंटीतून त्यांनी केसासारखी बारीक तांब्याची तार सोडवली, मीटरवर मोजत मोजत चोवीस टक्क्यांची तूट भरून निघेल एवढी कापली, पेन्सिलीवर गुंडाळली आणि उजव्या नगाच्या टोकाला जोडून टाकली. काटा लावला. आठ. दोन्हीकडे आठ. निरीक्षकांना आपल्या पहिल्या बढतीच्या दिवसाची आठवण झाली.

स्पीकर खोक्यात बसले, मेहुण्याचाच जुना अॅम्प्लिफायर जोडला, गाणं लागलं. दोन्हीकडून अगदी सारखा आवाज आला, आणि दोन्हीकडून अगदी सारखाच मरगळलेला. डावीकडून मधूनच चुर्र व्हायचं, गाणारी क्षणभर गप्प व्हायची आणि पुन्हा उगवायची.

बायकोने ऐकून घेतलं. "समान झालेत खरे," ती म्हणाली. "दोघांनाही सर्दी झालीये."

आता चार दिवस होते. डावा नग मापात पुरा होता, म्हणजे तो निर्दोष. चुरचुर करत असेल तर वयामुळे करत असेल, असा निष्कर्ष निरीक्षकांनी फाईलमध्ये नोंदवला. उजव्याला मात्र बदली नग हवा, आठला आठ भरणारा. बाजारामागच्या भंगारवाल्याकडे जुन्या स्पीकरांचा ढीग असतो असं कळलं. निरीक्षक मीटर घेऊन तिथे गेले आणि भंगारवाला त्यांना बघून गल्ल्यावरून उठूनच उभा राहिला. दहा-अकरा वर्षांपूर्वी दोनशे ग्रामच्या तफावतीसाठी निरीक्षकांनी त्याचा काटा जप्त केला होता.

"साहेब, काटा नवा आहे, शिक्का आहे, कागद आहेत," तो एका दमात म्हणाला.

"मी खाजगी कामाला आलोय," निरीक्षक म्हणाले. "स्पीकर बघायचेत."

त्यांनी ढिगाशी उकिडवं बसून एकेक नग मोजायला घेतला. पाठीवर आठ, आत सहा. आठ, साडेसहा. आठ, पाच पूर्णांक नऊ. एकावर चार छापलं होतं, भरले सव्वातीन. निरीक्षकांनी मीटर झटकून पुन्हा लावला. भंगारवाला मागून वाकून आकडे वाचत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"म्हणजे सगळेच कमी देतात?" त्याने विचारलं.

"दिसतंय तसंच."

"आठ सांगून सहा! आणि साहेब, मला तुम्ही दोनशे ग्रामला धरलंत! चारचौघांत!"

निरीक्षकांनी हातातला नग ढिगावर परत ठेवला.

"एक सांगू का?" भंगारवाला आता मोकळा झाला होता. "पलीकडे रेडिओवाल्या बाई आहेत ना, त्या माझ्याकडूनच स्पीकर नेतात. तुमच्यासारखंच मीटर लावून बघतात. पण त्या सहावाले तेवढे ठेवून घेतात आणि आठ-नऊ दाखवणारे परत आणून टाकतात."

निरीक्षक ताडकन उठले. सगळा कट त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. कमी मापाचा माल मुद्दाम गोळा करायचा आणि पुरा म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा! ते घरी आले, दोन्ही स्पीकर खोक्यांतून काढले, पिशवीत घातले आणि पुरावा म्हणून फाईलही सोबत घेतली.

रेडिओवाल्या बाईंचं दुकान म्हणजे दोन बाकांएवढी जागा. नवरा गेल्यापासून त्याच ते चालवत होत्या, आणि नवरा होता तेव्हाही चालवत त्याच होत्या, असं बाजारात बोललं जायचं. वय साठीच्या पुढे, चष्मा दोरीने गळ्यात, हातात तारांना कथलाचा डाग द्यायची तापलेली इस्त्री. निरीक्षकांनी उभ्याउभ्याच प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. बाईंनी मान वर केली नाही. हातातला जोड पुरा करून त्यांनी इस्त्री ठेवली आणि पिशवीकडे हात केला.

"दाखवा आधी."

त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी डाव्या स्पीकरचा कागद दाबला, सोडला, पुन्हा दाबला. मग उजव्याचा. "कॉइल कुणी बसवली?" त्यांनी विचारलं.

"मी."

"एक्स-रेच्या पट्ट्या लावून?"

"हो."

"सुरेख बसलीये. आमच्यात असं बसवणारे दोघं-तिघंच राहिलेत."

निरीक्षक ज्या तावाने आले होते तो ताव कुठे ठेवावा हेच त्यांना कळेना. ते स्टुलावर बसले. बाईंनी मीटर डाव्या नगाला लावला. आठ. "हा चोख," निरीक्षक म्हणाले. बाईंनी काही न बोलता कागदाला चिकटलेली वेणीसारखी तार नखाने जराशी हलवली. आकडा अकरा झाला. मग सात. मग मीटर कोराच पडला. पुन्हा आठ.

"हा आजारी आहे," बाई म्हणाल्या. "इथला जोड सुटत आलाय. जास्तीचे दोन ओहम त्या सुटलेल्या जोडाचे." मग त्यांनी उजवा उचलला. "हा ठणठणीत. पण हे काय लोंबतंय याला?"

"पासंग," निरीक्षक अगदी हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी पक्कड घेतली आणि कट्कन पासंग कापून टाकला. "अहो साहेब, मीटर लावतो तेव्हा कॉइल निजलेली असते. निजलेली असली की सहा. गाणं सुरू झालं, मागेपुढे धावायला लागली, की तिचा आकडा वर चढतो. पाठीवर लिहितात तो धावतानाचा."

"मग निजलेला आकडा का छापत नाहीत?"

"निजलेला स्पीकर घेणार कोण?"

जो निर्दोष ठरवला तो आजारी होता, आणि जो चोर ठरवला, ज्याला चारचौघांत बोल लावला, ज्याच्या गळ्यात लोढणं बांधून आजाऱ्याच्या पातळीवर आणून बसवला, तो साधा सरळ, धडधाकट नग होता. एकतीस वर्षांत असं कितीवेळा झालं असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"धान्याचं तसं नसतं हो," त्या म्हणाल्या. "ते पारड्यात पडून असतं, पळत नाही. तुमची नोकरी बरोबरच होती. इथे फक्त काटा चुकीच्या गिऱ्हाइकाला लावलात." मग त्यांनी इस्त्री तापवली, सुटलेली तार काढली, नवी वेणी लावली, दोन बारीक डाग दिले आणि तार हलवून दाखवली. सहा पूर्णांक एक. कितीही हलवा, सहा पूर्णांक एक. निरीक्षकांनी फाईल उघडून आपला जुना निष्कर्ष तिरप्या रेघेने खोडला आणि खाली सही केली.

मेहुणा आला तो सकाळी. दिसायला पार बदलला होता, केस निम्मे गेले होते, पण दारातून आत येताच "ताई" म्हणून त्याने हाक मारली ती मात्र जुनीच. चहा व्हायच्या आधीच तो मागच्या खोलीत गेला. खोकी पुसून, पॉलिश करून दिवाणखान्याकडे तोंड करून ठेवलेली होती. त्याने पॉलिशवरून हात फिरवला, खाली बसला, गाणं लावलं आणि मग तिथून उठेचना. दोन्हीकडून आवाज भरून, स्वच्छ, बरोबरीने येत होता, आणि गाणारी दोन खोक्यांच्या बरोबर मधोमध बसून गातेय असं वाटत होतं. बायकोसुद्धा पदर सावरत दाराशी येऊन उभी राहिली.

गाणं संपलं. मेहुण्याने डोळे पुसले.

"भावोजी, तुम्ही म्हणालात तसेच आहेत. चोख. बावीस वर्षांत कुणी बोटसुद्धा लावलेलं दिसत नाही. तुमच्याकडे ठेवले म्हणून राहिले, नाही तर..."

निरीक्षक गप्प राहिले असते तर काम झालं होतं. दाखला आता खरा होता. खोटी होती ती फक्त तारीख. पण मागची तारीख घालून दाखला दिला म्हणून याच माणसाने एका कारकुनाला बदलीवर पाठवलं होतं. ते खुर्चीतून उठले. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"मी तुला फोनवर खोटं सांगितलं," निरीक्षक म्हणाले. "तेव्हा हे अकरा वर्षं वाजले नव्हते. एकावर पिंप होतं. फोम मी बसवला, आधी चुकीचा, मग बरोबर. चांगल्या स्पीकरला चोर ठरवून मी त्याचा आवाज मारला, आणि आजाऱ्याला चोख म्हणून शिक्का दिला. डाव्याचा जोड सुटला होता, तो बाजारातल्या रेडिओवाल्या बाईंनी नीट केला. आता चोख आहेत. आता म्हणतोय ते तपासून म्हणतोय."

मेहुणा रागावला असं काही वाटलं नाही. उलट त्याचा चेहरा परीक्षेत पकडलेल्या मुलासारखा झाला.

"डाव्याचा?" त्याने विचारलं. "आतल्या तारेचा जोड?"

"हो. वयामुळे सुटला."

"वयामुळे नाही," मेहुणा म्हणाला. "तुमच्याकडे आणायच्या आदल्या दिवशी तो माझ्या हातून पडला होता. तार तुटली. मी घाईघाईत कसातरी डाग दिला. कच्चा आहे हे मला माहीत होतं, भावोजी. वजनमापे खात्याच्या माणसाला सदोष माल देतोय म्हणून रिक्षासुद्धा मी दोनदा परत फिरवायला निघालो होतो. वाटलं, तुम्ही तपासाल आणि दारातूनच परत पाठवाल. तुम्ही पाठीवरचा आकडा वाचलात, मान हलवलीत आणि आत घेतलात. तिकडे गेल्यावर कितीदा वाटलं कळवावं, पण तोंड होईना. मघाशी दोन्हीकडून सारखं ऐकू आलं आणि मला वाटलं, देवानेच लाज राखली."

बायको आळीपाळीने भावाकडे आणि नवऱ्याकडे बघत होती. आपण या दोघांमध्ये इतकी वर्षं कशी काढली, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग ती हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून.

निरीक्षकांनी मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि स्वतः त्याच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. एकतीस वर्षांच्या नोकरीत, गुन्हा कबूल केलेल्या माणसाला त्यांनी एकदाही तसंच सोडलं नव्हतं. त्या सकाळी त्यांनी दोघांना सोडलं.